संदेश पोहोचतो, सत्य कोण तपासतो?

संगणक-जाळ्यातील सर्वांत वरचा स्तर आणि कुटुंबाची सावधगिरी

दशलक्षण पर्वाची सांगता झाली की क्षमावाणीचे निरोप घराघरांतून निघू लागतात. श्वेतांबर बांधवांकडे संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहिलेले संदेश फिरतात. पूर्वी यासाठी छापील क्षमापना-पत्रिका टपालाने जात आणि परगावच्या आप्तांच्या हाती त्या काही दिवसांनी पडत. आज सांगलीहून निघालेला निरोप बंगळुरूला किंवा सातासमुद्रापलीकडे क्षणार्धात उमटतो. वाटेत तो कितीतरी तारा, मनोरे, समुद्रतळाच्या केबली आणि यंत्रे ओलांडून जातो. मात्र त्यांपैकी एकाही यंत्राला ठाऊक नसते की आपण वाहून नेत आहोत ती क्षमायाचना आहे. त्यांच्या लेखी ती शून्य आणि एक या दोन चिन्हांची लांबच लांब रांग असते.

त्या रांगेला ‘निरोप’ हे रूप ज्या ठिकाणी मिळते, त्याला संगणकशास्त्रात उपयोजन-स्तर किंवा ॲप्लिकेशन लेयर म्हणतात. नाव रुक्ष असले तरी विषय प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे. ई-मेल, संकेतस्थळे, मोबाईलवरून होणारे पैशांचे व्यवहार हे सारे याच स्तरावर घडते. आणि वडीलधाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी एका फोनसरशी नाहीशी करणारी फसवणूकही बहुतांशी याच स्तरावर घडते. म्हणून या स्तराचे काम काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे समजून घेणे आता केवळ अभियंत्यांचे काम राहिलेले नाही.

वाहणारे आणि जाणणारे

संगणक-जाळ्याची रचना मजल्यांच्या इमारतीसारखी असते. तळाशी भौतिक स्तर असतो: तांब्याची तार, काचतंतू किंवा रेडिओ लहरी. त्याच्या वर शेजारच्या दोन यंत्रांना जोडणारा दुवा-स्तर. घरातील वाय-फाय येथे मोडते. तिसरा जाळे-स्तर. तो प्रत्येक यंत्राचा अंकांनी लिहिलेला पत्ता पाहून पुडकी पुढच्या वाटेला लावतो. चौथा वहन-स्तर. मोठ्या संदेशाचे तुकडे करणे, त्यांना क्रमांक देणे, हरवलेला तुकडा पुन्हा मागवणे आणि पलीकडे ते क्रमाने जुळवणे, ही त्याची कामे. या चारही स्तरांच्या वर उपयोजन-स्तर असतो. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात एकूण सात स्तर आहेत. परंतु प्रत्यक्ष इंटरनेट समजून घेण्यास हे पाच पुरेसे होतात.

प्रत्येक खालचा स्तर वरून आलेला मजकूर आपल्या पाकिटात घालतो आणि पुढे पाठवतो. पाकिटावरचा पत्ता तो वाचतो. आत काय लिहिले आहे, हे समजून घेणे त्याचे काम नसते. टपाल खाते लग्नपत्रिका आणि कोर्टाची नोटीस सारख्याच निर्विकारपणे पोहोचवते, तसेच हे आहे. पत्र उघडून ‘हे आमंत्रण आहे, हा हिशेब आहे, ही पैशांची मागणी आहे’ असे ओळखण्याचे काम फक्त वरच्या स्तराचे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारे ‘ॲप’ म्हणजे हा स्तर नव्हे. दोन ठिकाणची ॲप्स ज्या नियमांनी परस्परांशी बोलतात, त्या नियमांचा हा स्तर आहे. कोणी प्रथम बोलायचे, कोणत्या शब्दाने विनंती करायची, नकार कसा कळवायचा, संभाषण कधी संपले असे मानायचे, हे सारे त्यात आधीच ठरलेले असते. अशा नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात.

व्यापारी परंपरेत वाढलेल्या कुटुंबांना ही कल्पना नवी वाटू नये. हुंडी हा असाच एक प्रोटोकॉल होता. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे द्यायचे, मुदती हुंडीचे पैसे ठरलेल्या मुदतीनंतर. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या शाहाच्याच हाती सोपवायची. हे संकेत दोन्ही पेढ्यांना ठाऊक असत, म्हणून शेकडो कोसांवरचा व्यवहार कागदाच्या एका चिठ्ठीवर पार पडे. चिठ्ठी नेणाऱ्या कासिदाला त्यातले काही कळण्याची गरज नव्हती. मात्र हुंडी खरी की बनावट, हे पारखण्याची जबाबदारीही कासिदाची नव्हती. ती पेढीवर बसलेल्या मुनिमाची होती. इंटरनेटची सारी ताकद आणि सारा धोका या एका गोष्टीत सामावलेला आहे.

नियम कसे घडले

२९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे अर्पानेट या जाळ्यावरील पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. त्याची ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. यंत्रे जोडण्याचे काम हळूहळू साधले. मग प्रश्न उभा राहिला तो असा, की जोडलेल्या यंत्रांनी परस्परांशी बोलायचे काय आणि कसे?

त्याचे एक आरंभीचे उत्तर एका भारतीय अभियंत्याने लिहिले. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये एका संगणकावरील फाईल दुसऱ्यावर नेण्याचा प्रोटोकॉल, म्हणजेच एफटीपी, शब्दबद्ध केला. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी जाळ्यावरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकातील व्यक्तीला पत्र पाठवून दाखवले. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे करण्यासाठी त्यांनी निवडलेले ‘ॲट’चे चिन्ह आजही प्रत्येक ई-मेल पत्त्यात आहे. पत्रवहनाचे सुटसुटीत नियम, अर्थात एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले.

या नियमांत दोन यंत्रांचे संभाषण ‘हेलो’ या आज्ञेने सुरू होते. आज्ञा चार अक्षरांची असावी म्हणून इंग्रजी शब्दातील एक ‘एल’ गाळलेला आहे. जय जिनेंद्र म्हणून बोलणे सुरू करावे, तसाच हा शिष्टाचार. त्यानंतर पाठवणारे यंत्र सांगते: पत्र अमुकाकडून आहे, तमुकासाठी आहे, मजकूर असा आहे. स्वीकारणारे यंत्र प्रत्येक टप्प्यावर अंकांत उत्तर देते. २५० म्हणजे ‘मान्य’, ५५० म्हणजे बहुधा ‘असा पत्ता येथे नाही’.

प्रारंभीचे हे पत्र केवळ इंग्रजी अक्षरे जाणत होते. देवनागरी लिपी, छायाचित्र किंवा ध्वनी त्यातून थेट जाऊ शकत नसे. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हा नियमसंच मांडला. पाकिटात काय आहे हे वरच लिहावे आणि ते साध्या अक्षरांच्या रूपात गुंडाळून पाठवावे, अशी त्याची युक्ती. युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान १९९१ मध्येच मिळाले होते. आज मराठी मजकूर, पंचकल्याणक पूजेची पत्रिका आणि नातवाचे छायाचित्र एकाच ई-मेलमधून जाते, त्यामागे वरच्या स्तरावरील ही सुधारणा आहे. तिच्यासाठी खालच्या तारा किंवा यंत्रे बदलावी लागली नाहीत.

हेच वेबबाबतही घडले. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत वेबची रचना केली आणि १९९१ मध्ये ती जगापुढे ठेवली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिच्यावरील स्वामित्वहक्क सोडून दिला. नवा प्रोटोकॉल मांडण्यासाठी कोणाच्या तारा विकत घ्याव्या लागत नाहीत, कोणाची परवानगी मागावी लागत नाही. दोन्ही टोकांनी नियम मान्य केले की पुरे.

नावांची वही

या स्तरावरील एक नियमसंच दिवसभर राबतो, पण कधी डोळ्यांना दिसत नाही. यंत्रांचे पत्ते अंकांत असतात आणि माणसे नावे लक्षात ठेवतात. आरंभी सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि इतर संगणक तिची नक्कल उतरवून घेत. जाळे वाढले तशी ही वही अपुरी पडली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही वाटून ठेवलेली नामवही रचली. कोणतेही संकेतस्थळ उघडण्यापूर्वी ब्राउझर प्रथम या वहीत पाहतो.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाले. देखभालीच्या कामातील एका चुकीच्या आज्ञेने कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले. त्यामुळे तिच्या नामवह्या जगाला दिसेनाशा झाल्या. घरोघरचे इंटरनेट शाबूत होते, फोन शाबूत होते. पण जायचे कोठे, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

यातून एक व्यावहारिक धडा मिळतो. ‘नेट बंद आहे’ या एका वाक्यात तीन निरनिराळे दोष दडलेले असतात. काहीच उघडत नसेल तर दोष बहुधा घरातील जोडणीत किंवा सेवा देणाऱ्या कंपनीकडे. ‘सर्व्हर सापडला नाही’ असे दिसले तर पत्ता चुकीचा टंकला गेला असावा किंवा नामवहीत अडचण असावी. ‘४०४’ हा आकडा दिसला तर जोडणी उत्तम आहे. समोरचे यंत्र भेटले, उत्तरही मिळाले, फक्त मागितलेले पान तेथे नाही.

नामवहीत देवनागरीलाही जागा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हा नामविस्तार सुरू झाला आणि मराठीत पत्ता लिहिणे शक्य झाले. मात्र नावांची ही सोयच फसवणुकीची वाटही ठरते. एखाद्या बँकेच्या नावात एखादे अक्षर बदलून किंवा एक जोडरेघ घालून दुसरे नाव नोंदवता येते आणि घाईत वाचणाऱ्याला फरक कळत नाही. हे ओळखून भारतीय रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र नामविस्तार राखून ठेवला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर स्थलांतर करण्यास बँकांना सांगितले. हे नाव बँकेवाचून इतर कोणाला नोंदवता येत नाही. बँकेचे पान उघडताना पत्त्याच्या शेवटी हे शब्द आहेत की नाहीत, एवढे पाहिले तरी मोठा धोका टळतो.

विश्वासावर उभारलेले दार

एसएमटीपीचे नियम लिहिले गेले तेव्हा जाळ्यावर मुख्यतः संशोधक होते. त्यामुळे ‘पत्र अमुकाकडून आहे’ असे पाठवणाऱ्याने सांगितले की ते खरे मानले जाई. पाठवणाऱ्याचे नाव तपासण्याची सोय मूळ नियमांत नव्हती. कोणीही कोणाच्याही नावाने पत्र धाडू शके. हे छिद्र बुजवण्यासाठी पुढे जोडनियम आले. त्यांपैकी एकात संस्था आपल्या नामवहीत लिहून ठेवते की आमची पत्रे केवळ या यंत्रांतून निघतात. दुसऱ्यात प्रत्येक पत्रावर गणिती मोहोर उमटवली जाते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना हे नियम सक्तीचे केले. मूळ नियम १९८२ चे. त्यांना ही शिस्त लागण्यास चार दशके लागली.

खालच्या स्तरांनीच ही तपासणी का करू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एमआयटीच्या सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले. त्यांनी आपल्याच संस्थेतील एक घटना सांगितली आहे. तेथील जाळ्यात प्रत्येक टप्प्यावर पुडक्यांची तपासणी होत असे. म्हणून वापरणारे निर्धास्त होते. परंतु वाटेतील एका यंत्रात असा दोष निर्माण झाला, की पुडके एका कप्प्यातून दुसऱ्यात उतरवताना सुमारे दहा लाखांत एकदा लगतची दोन अक्षरे अदलाबदल होत. तपासणी तारेवरच्या प्रवासाची होती, यंत्राच्या पोटातील नव्हे. काही काळाने महत्त्वाच्या फाईली बिघडलेल्या आढळल्या आणि शेवटी माणसांना जुन्या छापील प्रती समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागली. निष्कर्ष असा, की अंतिम तपासणी दोन टोकांवरच होऊ शकते. कारण काय अपेक्षित होते, हे टोकांनाच ठाऊक असते.

अक्षरांबाबत जे खरे, ते हेतूंबाबत अधिकच खरे. ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचा अर्थ इतकाच, की या पत्त्याशी चाललेले संभाषण वाटेत कोणी वाचू किंवा बदलू शकत नाही. त्या पत्त्यामागचा माणूस सज्जन आहे, असा त्याचा अर्थ नाही. ठकसेनालाही आपल्या पानासाठी असे प्रमाणपत्र मिळते. लोक या चिन्हाचा अर्थ ‘विश्वासार्ह’ असा घेतात, हे लक्षात आल्यावर गूगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते कुलूप काढून तेथे दुसरे साधे चिन्ह बसवले.

पैशांच्या व्यवहारातही हीच मेख आहे. राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ साली सुरू केलेली यूपीआय व्यवस्था दोन बँकांमधील निरोप सुरक्षितपणे नेते. तिच्या नियमांत पिनचा अर्थ एकच: ‘माझ्या खात्यातून रक्कम काढण्यास माझी संमती आहे.’ पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही. समजा, चातुर्मासातील आहारदानाच्या किंवा मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या नावाने एखादा क्यूआर कोड समूहात फिरू लागला. त्या चौकटीत केवळ एक पत्ता लिहिलेला असतो. तो ट्रस्टच्या खात्याचा आहे की भलत्याच कोणाचा, हे कोणताही स्तर सांगणार नाही. कोड वाचल्यावर पडद्यावर उमटणारे खातेदाराचे नाव वाचणे आणि शंका आली तर ट्रस्टच्या परिचित विश्वस्तांना फोन करणे, ही त्या टोकावरील तपासणी. ती केली नाही तर उत्तम बांधलेली व्यवस्था चोराची आज्ञाही तितक्याच तत्परतेने पाळते.

अंतिम स्तर

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा लेख तयार करणे. रहोभ्याख्यान आहे, म्हणजे एकांतातील गोष्ट उघड करणे. न्यासापहारही आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव बळकावणे. दुसऱ्याच्या नावाने पाठवलेले ई-मेल हा कूटलेख आहे. खासगी संभाषणाचे छायाचित्र टिपून समूहात टाकणे हे रहोभ्याख्यान आहे. दोष जुनेच आहेत; माध्यम नवे आहे.

यांतील पहिला आणि तिसरा दोष ठकसेनाचा. दुसरा मात्र सुसंस्कृत घरांतूनही सहज घडतो. न तपासता पुढे ढकललेला संदेश त्याच जातीचा. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये संदेशांना दोन टोकांपुरते गुप्त ठेवणारे कवच पूर्ण केले. त्यामुळे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही आणि अर्थातच त्याचा खरेखोटेपणाही पाहता येत नाही. जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांनाच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा कंपनीने घातली. यंत्र संख्येची मर्यादा घालू शकते. वाणीची मर्यादा ही भाषासमितीची गोष्ट आहे. बोलण्यापूर्वी ते सत्य, हितकर आणि मोजके आहे का, हे पाहण्याची ती सवय आहे. साधूंसाठी ती अनिवार्य. गृहस्थाने तिचा अंश बोटांच्या टोकांवर आणला तरी पुष्कळ.

कुटुंबासाठी यातून चार साधे नेम निघतात. पैसे मिळवण्यासाठी पिन किंवा ओटीपी मागणाऱ्याला तो देऊ नये. निरोपातील दुव्यावर बोट न ठेवता बँकेचा पत्ता स्वतः टंकावा. नातलगाच्या नावाने तातडीची मागणी आली तर आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून त्याचा आवाज ऐकावा. आणि फसवणूक झालीच तर संकोच न बाळगता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर कळवावे. कारण पहिल्या काही तासांतच रक्कम पुढे जाण्यापासून थोपवण्याची शक्यता अधिक असते. घरातील तरुणांनी हे नेम आजी-आजोबांना शांतपणे समजावून द्यावेत आणि फसलेल्याला कधीही मूर्ख ठरवू नये. बोलणी बसतील या भीतीने लपवलेली फसवणूक चोराला सर्वांत सोयीची असते.

पाठ्यपुस्तकात उपयोजन-स्तर हा जाळ्याचा माथा मानला जातो. वास्तवात त्याच्याही वर एक स्तर आहे: पडद्यासमोर बसलेला माणूस. खालचे सारे स्तर निरोप पोहोचवतात, वरचा स्तर त्याला रूप देतो. पण तो खरा मानावा का, त्यावर पैसे द्यावेत का आणि तो पुढे पाठवावा का, या प्रश्नांची उत्तरे त्या माणसाच्या विवेकावाचून दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसतात.